रात्री २ चा फोन

गणपतीला इंदूरला आलो आणि नेमकी तेव्हाच मुलाखतीची शेवटची फेरी लागली. जर्मनीत सकाळचे १०, म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड. आईने मिक्सर थांबवला, बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि दोघंही शेजारच्या खोलीत कान देऊन बसले.

टेक्निकल भाग फार सांगत नाही. सर्व्हर म्हणतो डिस्क भरली, बघावं तर ४० टक्के जागा रिकामी. आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले; लाखो बारक्या फायलींचा घोळ. इथल्या विजयनगर भागातल्या रात्रपाळीत हे दुखणं इतक्यांदा पाहिलंय की उगाच विचार केल्यासारखं करून उत्तर दिलं.

मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही ऑन-कॉल आहात. रात्री २ ला फोन आला, ३ ला काम संपलं. सकाळी?"

"९ ला हजर," मी छाती फुगवून सांगितलं.

"नाही. दुपारी २ च्या आधी लॅपटॉप उघडायचा नाही. उघडलात तर जाब मला द्यावा लागेल."

तिकडे १९९४ चा कामाच्या वेळेचा कायदा आहे. काम संपल्यावर सलग ११ तास विश्रांती; मध्ये फोन येऊन काम करावं लागलं की साधारणपणे ते ११ तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तीन वर्षं स्टुटगार्टात राहतोय, पण ऑन-कॉल कधी केलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या गावीही नव्हतं.

खरं सांगू? मला राग आला. ज्या गोष्टीची फुशारकी मारायची, तीच नेमकी गुन्हा निघाली! विजयनगरला आम्ही अमेरिकेचा दिवस जागून काढायचो. १ वाजता ब्रेक झाला की दोन बाइकवर चौघं सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, उभ्या उभ्या भुट्ट्याचा कीस, "चल भिया, तिकिटं वाट बघतायत" म्हणत परत (तिकिटं म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी). सकाळी पोहे-जिलेबी खाऊन घरी, आणि ११ च्या मीटिंगला पुन्हा ऑनलाइन. ज्यादा पैसे? छे. पाठीवर थाप मिळायची. पण आयनोड ओळखायला त्याच रात्रींनी शिकवलं ना! शिवाय तिथली मंडळी शांत झोपतात तेव्हा त्यांचे फोन कुठली पोरं उचलतात, तेही मला ठाऊक आहे. त्यातलाच एक होतो मी.

हे सगळं बाईंना अर्थातच बोललो नाही. "फारच छान नियम आहे," एवढं म्हणालो.

कॉल संपताच बाबा आत आले. "अकरा तास? गिरणीत रात्री साचा, म्हणजे माग, बंद पडला की मी माणूस पाठवून फिटरला उठवायचो. सकाळच्या भोंग्याला तोच फिटर हजर."

"हजर नाही तर काय करेल," आई सारण ढवळत म्हणाली. "तुम्ही खाडा मांडायचात."

बाबांनी जाऊन टीव्हीचा आवाज मोठा केला.