खळ्यात चार दिवस उभी राहिलेली कॅम्पर व्हॅन आणि उतरलेली बॅटरी

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. आदल्या दिवशी पहाटे आम्ही पुण्याहून निघालो आणि कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, नांदगाव तिठा अशा वाटेने संध्याकाळी देवगडजवळच्या आमच्या मूळ घरी पोहोचलो. गाडी म्हणजे जुनी डिझेल टेम्पो ट्रॅव्हलर; तिच्यातील आसने काढून आम्ही बिछाना, ओटा, छोटा फ्रीज आणि इन्व्हर्टर बसवून घेतला आहे. घाटात पाऊस होता, धुके होते, पण गाडीने काही त्रास दिला नाही, त्यामुळे प्रवासाविषयी यापेक्षा अधिक सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे जे घडले ते गाडी उभी असताना घडले.

पाच दिवस गाडी हलवायची नव्हती, म्हणून ती खळ्याच्या कडेला फणसाखाली लावली. फ्रीज चालू असताना साधारण चार अँपिअर घेतो हे मला ठाऊक होते, म्हणून तो आठवणीने बंद केला आणि निर्धास्त झालो. ३० तारखेला संध्याकाळी देवगडच्या बाजारात जायचे म्हणून चावी फिरवली, तर सेल्फ लागेना. नुसता टक् टक् असा आवाज आला. टर्मिनलवर मल्टीमीटर लावला तेव्हा ११.२ व्होल्ट दिसले. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते आणि ११.८ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. शेजारच्या एका काकांनी फास्टॅगवर संशय घेतला. त्या स्टिकरला गाडीकडून वीज लागतच नाही, हे त्यांना पटवण्यात पाच मिनिटे गेली.

गावातला वायरमन दुसरी बॅटरी घेऊन आला. मी आधी शिरस्त्याप्रमाणे फ्यूज-बॉक्समधील एकेक फ्यूज काढून पाहिला होता आणि मीटरवरचा आकडा जेमतेम हलला होता, त्यामुळे दोष बॅटरीचाच असावा असे मी ठरवून टाकले होते. त्याने बॉनेट उघडून धन टर्मिनलच्या नटाखाली एकावर एक दाबून बसवलेल्या चार वायरी दाखवल्या आणि म्हणाला, “साहेब, गाडी झोपता, पण ह्या सगळा जागा रवता.” मागाहून बसवलेली प्रत्येक वस्तू बसवणाऱ्याने सोयीसाठी थेट बॅटरीवरून घेतली होती. ती वीज फ्यूज-बॉक्समधून जातच नव्हती, तेव्हा तिथले फ्यूज काढून ती सापडणार कशी? ज्यांच्या गाडीत असे जोडकाम झालेले आहे त्यांनी शोध फ्यूजपासून न करता टर्मिनलपासून सुरू करावा.

मोजण्याची रीत अशी. गाडी बंद करून दारे लावावीत, आणि बॉनेटखाली दिवा असेल तर तो काढून ठेवावा. ऋण टर्मिनलची केबल सोडून त्या केबलच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टीमीटर दहा अँपिअरच्या खोबणीतून जोडावा आणि अर्धा तास थांबावे, कारण गाडीतील संगणक लगेच शांत होत नाहीत. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नये, नाहीतर मीटरमधला फ्यूज जाईल. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) वापरणार असाल तर तो डीसी मोजणारा आहे याची खात्री करा. घरगुती कामाचे स्वस्त मीटर बहुधा फक्त एसी मोजतात आणि शून्य दाखवून फसवतात. मग जास्तीची एकेक वायर सोडावी आणि आकडा किती उतरतो ते लिहून ठेवावे.

आमचे आकडे असे निघाले: गाडीचा स्वतःचा खप ०.०४ अँपिअर, जीपीएस ट्रॅकर ०.०४, व्होल्ट दाखवणारे यूएसबी सॉकेट ०.०२, पार्किंगमध्येही जागा राहणारा डॅशकॅम ०.२४, आणि काहीही जोडलेले नसताना केवळ चालू राहिलेला इन्व्हर्टर ०.३६. बेरीज ०.७० अँपिअर, म्हणजे दिवसाला जवळजवळ १७ अँपिअर-तास आणि चार दिवसांत ६७. आमची बॅटरी ७५ अँपिअर-तासांची आणि तीन वर्षे वापरलेली. ज्या फ्रीजची मला धास्ती होती तो बंदच होता. बॅटरी खाल्ली ती या चिल्लर वस्तूंनी. छतावरच्या सोलर पॅनेलचा भरवसा होता, पण भाद्रपदातल्या ढगांत आणि फणसाच्या सावलीत त्याने काहीच दिले नाही, तेव्हा कोकणात पावसाळ्यात पॅनेल हिशेबात धरूच नये.

दुसऱ्या बॅटरीने गाडी सुरू झाली असती, पण इतकी उतरलेली बॅटरी अर्ध्या तासाच्या फेरफटक्याने भरत नाही आणि रिकामी ठेवली तर कायमची खराब होते. म्हणून ती रात्रभर दुकानात चार्जिंगला लावली. ज्यांना जंप स्टार्ट (दुसऱ्या बॅटरीला केबलने जोडून गाडी सुरू करणे) करावेच लागेल त्यांनी ऋण केबलचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, म्हणजे बॅटरीजवळ ठिणगी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोडणी बदलली. डॅशकॅम चावीच्या लाइनवर, म्हणजे चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या वायरीवर, घेतला. पार्किंगमध्ये चित्रण हवेच असेल तर ठरावीक व्होल्टला स्वतः बंद होणारा जोडसंच घ्यावा आणि मर्यादा १२.२ च्या खाली ठेवू नये. सॉकेट आणि इन्व्हर्टर एका कट-ऑफ स्विचमागे गेले, आणि प्रत्येक वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवला, जो आधी एकीलाही नव्हता. ही गोष्ट मला उतरलेल्या बॅटरीपेक्षा अधिक भयंकर वाटली. ट्रॅकर तेवढा थेट ठेवला. आता उभ्या गाडीचा खप ०.०८ अँपिअर आहे, म्हणजे दहा दिवसांत १९ अँपिअर-तास. संपूर्ण बॅटरीच तोडणारा स्विच हवा असेल त्यांनी, गाडीत ॲडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारे द्रव) असल्यास, चावी बंद केल्यावर काही मिनिटे थांबूनच तो फिरवावा, कारण ती यंत्रणा गाडी बंद झाल्यावरही थोडा वेळ नळ्या रिकाम्या करत असते.

फ्रीज आणि पंखा रात्रभर चालवायचा असेल तर घरकामासाठी दुसरी बॅटरी वेगळी ठेवण्यावाचून इलाज नाही. जुन्या गाडीत दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले पुरतो. बीएस-६ (नव्या प्रदूषण-निकषाच्या) गाड्यांपैकी ज्यांचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, संगणक कमी-जास्त करतो त्यांना डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी योग्य व्होल्टने भरणारा) लागतो.

२ सप्टेंबरला निघण्यापूर्वी मीटर लावला तेव्हा १२.५८ दिसले, आणि सेल्फ पहिल्या फटक्यात लागला. वायरींची यादी, प्रत्येकीचा फ्यूज आणि खप असा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे.