बाजार समितीची उमेदवारी : माल माझा, मत दुसऱ्याचे

२०२३ च्या मार्च महिन्यात, कांद्याचे भाव पार कोसळलेले असताना, मी आमच्या तालुक्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या संचालकपदासाठी अर्ज भरला. कारण साधे होते. आदल्या वर्षी एका व्यापाऱ्याने दिलेला धनादेश वटला नाही आणि माझे पैसे चार महिने अडकून पडले. त्याचा परवाना कोणाच्या हातात आहे याची चौकशी केली, तेव्हा तो संचालक मंडळाच्या हातात असल्याचे समजले. ते मंडळ कोण निवडते, हा प्रश्न त्यानंतर माझ्या डोक्यातून गेला नाही.

आमच्याकडे १९६३ च्या पणन कायद्यानुसार अठरा संचालक निवडले जातात. अकरा जण सोसायटी गटातून येतात, चार ग्रामपंचायत गटातून, दोन व्यापारी-अडते गटातून आणि एक हमाल-तोलारी गटातून. सोसायटी गटाचे मतदार म्हणजे गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचे, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थांचे, संचालक. सोसायटीचा साधा सभासद मतदार नसतो. २०१७ मध्ये कायदा बदलून किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत किमान तीन वेळा समितीत माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क मिळाला होता. निवडणुकीचा खर्च समित्यांना झेपत नाही या कारणाने २०२० मध्ये तो काढून घेण्यात आला. आमच्या निवडणुकीच्या वेळी अशा शेतकऱ्याला उभे राहण्याची मुभा मिळाली होती, मात्र मत देण्याची नव्हती. खर्चाचे कारण मला आजही पटत नाही. समितीचा सगळा व्यवहार ज्याच्या मालावर चालतो, त्याचे नाव मतदार यादीत नसणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

खरी अडचण कागदांची निघाली. सातबारा आणि आठ-अ माझ्या नावावर होते, पण घरातल्या पत्र्याच्या पेटीतून पट्ट्यांचा, म्हणजे मालविक्रीच्या पावत्यांचा, गठ्ठा काढला तेव्हा बहुतेक पट्ट्यांवर वडिलांचे नाव दिसले. वाटणी होऊन सहा वर्षे झाली होती, तरी गाडी आवारात शिरली की ओळखीचा मुनीम सवयीने वडिलांचेच नाव लिहीत असे आणि मीही कधी हरकत घेतली नव्हती. आई आणि मी रात्री ओसरीवर एकेक पट्टी उलगडत बसलो. काहींची शाई उडाली होती, दोन पट्ट्यांना हळदीचे डाग पडले होते. अखेर माझ्या नावाच्या चार पट्ट्या निघाल्या आणि नियमाला लागणाऱ्या तीन विक्री कशाबशा पूर्ण झाल्या. त्यावर समितीचा दाखला घ्यायचा, तर त्याच दिवसांत क्विंटलमागे ३५० रुपयांच्या कांदा अनुदानासाठी कार्यालयात झुंबड उडाली होती आणि कर्मचाऱ्यांना मान वर करायला उसंत नव्हती. तीन दिवस हेलपाटे घातले तेव्हा दाखला हाती पडला.

सूचक आणि अनुमोदक मतदार यादीतलेच हवेत, ही अट त्याहून अवघड ठरली. आमच्या सोसायटीच्या तेरा संचालकांपैकी बहुतेकांनी आपापल्या पॅनेलला शब्द दिला होता. नात्याने चुलते लागणाऱ्या एका संचालकांनी कांदाचाळीत कांदा निवडता निवडता माझे सगळे बोलणे ऐकून घेतले, हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "सही करतो, पण मत मागू नकोस. ते मी आधीच देऊन बसलोय." ते खरे बोलले, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. अनुमोदकाची सही शेजारच्या गावच्या, माझ्या वर्गमित्राच्या थोरल्या भावाने केली.

छाननीत अर्ज वैध ठरला. माघारीच्या मुदतीत दोन्ही पॅनेलकडून निरोप आले, पण मी अर्ज मागे घेतला नाही. मग प्रचाराला निघालो, तर निम्म्या गावांत मतदार घरी भेटेनात. त्यांना सहलीला नेले होते आणि ते मतदानाच्या सकाळी बसमधून थेट केंद्रावर उतरले. मी उभा होतो त्या सोसायटी गटातल्या अकरापैकी सात जागा सर्वसाधारण होत्या, म्हणून त्यांच्या मतपत्रिकेवर प्रत्येकाला सात शिक्के मारायचे होते. त्यातला एक तरी माझ्या चिन्हावर पडावा, एवढीच माझी अपेक्षा होती. केंद्रात मी उमेदवार म्हणून वावरत होतो, मात्र शिक्का हातात घेण्याचा अधिकार मला नव्हता, आणि ती गोष्ट पुढच्या पराभवापेक्षा अधिक लागली. मतमोजणीत पॅनेलच्या सलग सात शिक्क्यांच्या मतपत्रिकांचे गठ्ठे वाढत गेले. मला एकसष्ट मते पडली. माझ्या गावाबाहेरच्या ज्या लोकांनी ती दिली, त्यांची नावे मला कधी कळणार नाहीत, पण त्यांचे ऋण मी मानतो.

आता आमच्या सोसायटीची निवडणूक लागेल तेव्हा मी तिथे उभा राहणार आहे. त्यासाठी पीककर्जाची थकबाकी गेल्या जूनमध्येच भरून टाकली, कारण थकबाकीदाराचा अर्ज छाननीतच उडतो. आवारात लिलाव झाला की मुनिमाजवळ थांबून मी माझे पूर्ण नाव सांगतो आणि पट्टी हातात आली की ती वाचल्याशिवाय गाडी हलवत नाही.