बाबांचा दुपट्टा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे गेला की मी कपाटातून बाबांचा पांढरा सुती दुपट्टा काढते. इतवारीतून घेतलेला, कडेला उसवलेला. महाल भागातून बर्डीला सायकलने निघताना ते तो कानांवरून गुंडाळायचे आणि खिशात कांदा ठेवायचे. "पोरी, कान बांध आधी, ऊन लागते," हे रोजचंच. ते गेल्यावर आईने बाकी कपडे वाटून टाकले. हा मी मागून घेतला. दोन वर्षं धुतलाच नाही. तरी एक दिवस त्यातला त्यांचा वास गेला. त्या दिवशी मी बाबा गेले तेव्हापेक्षाही जास्त रडले. आता धुते, वाळवते, लेकीचे कान त्यानेच बांधते. एका टोकाला त्यांनी बांधलेली सुट्ट्या पैशांची गाठ आहे. ती अजून सोडलेली नाही.