आमची वाटचाल: मागची सीट उचलल्याशिवाय सही नाही

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्या बडोद्याची, जीजे-06 पासिंगची हायब्रिड मिळतेय, एकदम स्वस्तात. सर्व्हिस हिस्ट्री क्लीन आहे." 'क्लीन' ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. का, ते त्याला सांगायचं तर गॅरेजचीच सगळी कथा सांगावी लागली असती. तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू.

2006 साली बडोद्यात प्रतापनगरच्या बाजूला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. भागीदार दोघे, मी आणि मास्तर. मास्तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवून निवृत्त झालेले, राहायला दांडिया बाजारात. भांडवल म्हणून त्यांनी थोडे पैसे आणले आणि एक मेगर, म्हणजे तारेतून वीज बाहेर गळते का ते मोजणारं यंत्र. हाताने फिरवायचा, 500 व्होल्टचा, चामडी पट्ट्याचा. मी हसलो होतो. मोटारींच्या धंद्यात मेगरचं काय काम? इथे सगळा खेळ बारा व्होल्टचा.

2008 मध्ये सिव्हिक हायब्रिड आली, 2010 मध्ये प्रियस, 2013 मध्ये कॅमरी. आमच्याकडे पहिली हायब्रिड आली तेव्हा जास्त व्होल्टची नारिंगी केबल बघून पोरं दोन पावलं मागे सरली. मास्तर पुढे झाले. रबरी हातमोज्याचं तोंड गुंडाळून हवा कोंडली, कानाशी धरून दाबलं, कुठे फुसफुस होते का ऐकलं. बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग उपसून स्वतःच्या खिशात टाकला. मग म्हणाले, "आता दहा मिनिटं चहा. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू दे." चहानंतर कनेक्टर सोडवून मेगरची एक पिन केबलला, दुसरी बॉडीला, आणि हँडल फिरवलं. काटा अनंताकडे गेला, म्हणजे गळती नाही. "कोरडी आहे," मास्तर म्हणाले. तोच मेगर आजही आमच्या टेबलावर असतो. डिजिटल घेतलाय, तो पोरं वापरतात.

हायब्रिड घेण्याआधीची तपासणी हेच आमचं मुख्य काम होत गेलं. 2011 ते 2018 बद्दल सांगण्यासारखं काही नाही. काम होतं, पैसे वेळेवर येत होते. फक्त 2015 नंतर मारुतीच्या सियाझ-अर्टिगा डिझेल गाड्यांवर एसएचव्हीएसची, म्हणजे सौम्य हायब्रिडची, पट्टी लागली आणि दलाल त्यांनाही हायब्रिडचा भाव लावायला लागले. त्या गाड्यांना नारिंगी केबलच नसते. स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हातभार लावतो, एवढंच. नुसत्या बॅटरीवर गाडी हलत नाही. हे समजावण्यात माझी अर्धी दुपार जायची आणि त्याचे पैसे कोणी देत नसे.

31 जुलै 2019. एका दिवसात साधारण 500 मिलिमीटर पाऊस. बडोदेकरांना पुढचं सांगायला नको. विश्वामित्री नदी रस्त्यावर, मगरी रस्त्यावर, गाड्या पाण्यात.

फेब्रुवारी 2020 मध्ये एक कॅमरी तपासायला आली. दलालाकडची, गिऱ्हाईक अलकापुरीतलं. कागद सुंदर. प्रत्येक सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, बॅटरी तपासणीच्या चिठ्ठ्या नीट लावलेल्या. दर सहा महिन्यांनी नेमाने नोंद. फक्त डिसेंबर 2018 नंतरची नोंद थेट फेब्रुवारी 2020 ची. मी विचारलं. दलाल म्हणाला, "शेठ परदेस हता, गाडी घेर पडी हती." म्हणजे शेठ परदेशात, गाडी घरी पडून. मी मान डोलावली. विम्याच्या पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याचा बोनस, शून्य होता. का, तर गाडी नुकतीच दलालाच्या नावावर झालेली. उत्तर बरोबरच होतं, कारण एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हणूनच तर मी आधीच्या मालकाची पॉलिसी मागायला हवी होती. त्यात मधेच बोनस शून्यावर आलेला दिसला असता, तर क्लेम झालाय हे तिथेच कळलं असतं.

मास्तर त्या दिवशी लग्नाला गेले होते. दलालाला घाई होती. स्कॅनर लावला, चक्कर मारून लोडवर पाहिलं, बॅटरीच्या 17 च्या 17 ब्लॉकचं व्होल्टेज एका रेषेत. बिघाडाचा एकही कोड नाही. (कोड कालच पुसला असेल तर स्कॅनर बिचारा काय दाखवणार.) बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते, ती सीट उचलली नाही. सही केली.

पुढे लॉकडाऊन. गाडी दोन महिने उभी. जूनमध्ये सुरू केली तर 'चेक हायब्रिड सिस्टिम'. बॅटरी उघडली तर सेल जोडणाऱ्या बसबार पट्ट्यांच्या नटांवर हिरवट पूड, व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक तारा खाल्लेल्या, बॅटरीच्या ब्लोअरमध्ये वाळलेला गाळ. विश्वामित्रीचा गाळ आम्हाला ओळखू येतो. मास्तरांनी मेगर फिरवला. काटा जेमतेम हलला. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

गिऱ्हाईकाने आवाज चढवला नाही. "तुमच्या सहीवर घेतली होती," एवढंच म्हणाला. अर्धा खर्च आम्ही दिला. त्यासाठी गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्ट विकली.

विकत कोणी घेतली? आमच्याकडेच दोन वर्षं शिकून बाहेर पडलेल्या मुलाने. त्याचं नाव लिहीत नाही, शहर छोटं आहे. आमचा तपासणीचा फॉर्म त्याने आधीच उचलला होता. आमचे मुद्दे 42, त्याचे 200. कसे, तर वायपरला दोन, आरशाला दोन, सिगारेट लायटरलाही एक. वीस मिनिटांत फोनवर रंगीत रिपोर्ट. आणि आमच्या कॅमरीचे फोटो दलालांच्या ग्रुपवर कोणी फिरवले, हे मला पुराव्यानिशी ठाऊक आहे. त्या वर्षी दिवाळीपर्यंत आमच्याकडे आठवड्याला एक गाडी येत नव्हती. मास्तर म्हणाले, माझा हिस्सा सोडून देतो, तू नोकरी बघ.

तेव्हा आल्या कारेलीबागेतल्या डॉक्टरीणबाई. 2014 ची कॅमरी, पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. पेशंटला दटावतात तशा म्हणाल्या, "चुकलात ना? मग कुठे चुकलात ते कागदावर लिहा." लिहिलं. तोच कागद आज आमच्या फॉर्मचं पहिलं पान आहे. तपासलेली गाडी पुढे बिघडली तर त्या बिघाडाची नोंद गिऱ्हाईकाला दाखवतो. धंदा जाईल असं सगळे म्हणाले. बाईंनी त्या हिवाळ्यात त्यांच्या ओळखीची सहा गिऱ्हाइकं पाठवली.

ऑगस्ट 2024 च्या पुरात रात्री बाईंचा फोन आला, पार्किंगमध्ये पाणी चढतंय. म्हटलं, चाकाच्या खाली आहे तोवर गाडी फ्लायओव्हरवर नेऊन लावा. वर गेलं तर पॉवर बटणाला हात लावू नका, गाडीच्या जवळसुद्धा जाऊ नका. गाडी वाचली. नदी तेव्हा 37 फुटांच्या आसपास गेली होती. सगळ्यांच्या गाड्या वाचल्या नाहीत, आणि 2022 पासून आलेल्या हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी, हायक्रॉस त्यांत होत्या. त्या आता सुकून, पॉलिश होऊन बाजारात आहेत. बडोद्यात कमी, बाहेर जास्त. म्हणून भाच्याला, आणि न विचारता तुम्हालाही सांगतो.

हिस्ट्रीत काय लिहिलंय त्याआधी काय लिहिलेलं नाही ते बघा. पावसाळ्याच्या आगेमागे मोठी फट असेल तर कारण विचारा आणि कारणावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक नोंदीचे किलोमीटर चढते हवेत, आणि स्कॅनरला कंट्रोल युनिटमध्ये सापडतात तेही मीटरशी जुळायला हवेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ कोणी धूत नाही. जुन्या गाडीत नवा गालिचा दिसला तर खुश होऊ नका. सीटच्या रुळाचे बोल्ट बघा, स्टेपनीची खोबण बघा, आणि बॅटरीला हवा घेणारी जाळी (बहुतेक गाड्यांत मागच्या सीटजवळ असते) काढून बोट फिरवा. बॅटरीची वॉरंटी बहुतेकांना आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर असते, पण ती पहिल्या विक्रीपासून मोजतात, आणि पाण्याने झालेलं नुकसान त्यात बसत नाही. बारा व्होल्टची बॅटरी मरायला आली असेल तर खोटे कोड येतात, ती आधी तपासा. नाहीतर चांगली गाडी उगाच नाकाराल. तेही मी केलंय.

भाच्याने पॉलिसी मागितली. दलालाने फोन उचलणं बंद केलं.

मास्तर आता 80 च्या पुढे आहेत, गॅरेजवर येत नाहीत. संध्याकाळी फोन करतात आणि एकच विचारतात, "काटा कुठवर गेला?" नवी लिफ्ट आम्ही 2023 मध्ये घेतली. जुनी त्या मुलाकडेच आहे. जाता-येता दिसते, रंगसुद्धा बदलला नाही त्याने.