मॉर्मन लोकांचा ख्रिस्त

अमेरिकेतील यूटा राज्यात शिकत असलेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारले, "मामा, इथले मॉर्मन लोक ख्रिस्ती आहेत की नाहीत?" नागपुरात सदरच्या बाजूला आम्हा ख्रिस्ती मंडळींत हा विषय निघाला की "ते जोसेफ स्मिथला भजतात" असे सांगून तो मिटवला जातो. हे उत्तर चुकीचे आहे आणि त्या लोकांवर अन्याय करणारेही आहे. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन मंडळी, म्हणजे त्यांचे चर्च, स्थापन करणारा स्मिथ त्यांच्या लेखी संदेष्टा आहे, तारणारा नव्हे. तारणारा येशू ख्रिस्तच, आणि पित्याला केलेली त्यांची प्रत्येक प्रार्थना त्याच्याच नावाने संपते.

मतभेद आहे तो हा येशू कोण, यासंबंधी. इ. स. ३२५ च्या निकीया येथील ख्रिस्ती धर्मपरिषदेपासून चालत आलेल्या विश्वासांगीकारानुसार, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीनुसार, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तत्त्वतः एकच देव आहेत. मॉर्मन शिकवणीत मात्र हे तिघे वेगवेगळे असून त्यांचे ऐक्य हेतूचे व प्रेमाचे आहे. इतकेच नव्हे, तर पित्यालाही पुत्राप्रमाणे हाडामांसाचे, गौरवी शरीर आहे. पृथ्वी घडण्यापूर्वी सर्व मानव पित्याची आत्मिक लेकरे म्हणून त्याच्याजवळ होते, त्यांत ज्येष्ठ तो येशू, आणि बायबलच्या जुन्या करारातील देव यहोवा म्हणजे देहधारणेपूर्वीचा हाच येशू, असे ते मानतात. लुसिफर, म्हणजे सैतान, हाही त्याच आत्मिक कुटुंबातला, पण बंड करून पतन पावलेला. हे ऐकून आपल्याकडची माणसे दचकतात, आणि ते स्वाभाविक आहे.

मला स्वतःला सर्वांत विचार करण्याजोगी वाटली ती त्यांची गेथशेमानेविषयीची, म्हणजे येशूने अटकेपूर्वी जिथे प्रार्थना केली त्या बागेविषयीची, शिकवण. आपल्या उपदेशांत प्रायश्चित्ताचा सारा भर वधस्तंभावर असतो आणि गेथशेमाने ही त्याआधीच्या मनोव्यथेची जागा ठरते. मॉर्मन श्रद्धेप्रमाणे जगाच्या पापांचा भार येशूने त्या बागेतच उचलायला सुरुवात केली आणि वधस्तंभावर ते कार्य पूर्ण केले. लूकच्या शुभवर्तमानातील रक्ताच्या थेंबांसारखा घाम ते रक्तच होते असे मानतात, आणि केवळ पापच नव्हे तर माणसाची दुखणी व दुर्बलताही त्याने तिथे सोसली असे सांगतात. त्यांच्या प्रार्थनागृहांवर सहसा क्रूस नसतो, त्यामागे वधस्तंभाचा अनादर नाही. जिवंत ख्रिस्तावर भर द्यावा अशी त्यांची भूमिका आहे. रविवारी ते प्रभुभोजन घेतात, पण पावाबरोबर द्राक्षारस नव्हे, साधे पाणी असते.

'मॉर्मनचा ग्रंथ' हा बायबलबरोबर ते पवित्र मानतात तो ग्रंथ. त्यात पुनरुत्थित येशू अमेरिका खंडातील लोकांना दर्शन देतो. जमलेले लोक एकेक करून पुढे येतात, त्याच्या कुशीतील आणि हातापायांवरील खुणांना हात लावून पाहतात. पुढे तो त्यांची मुले एकेक करून जवळ घेतो आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. हा ग्रंथ मी पवित्र शास्त्र मानत नाही, पण हा भाग वाचल्यावर या लोकांना ख्रिस्ताविषयी ओढ नाही असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मग आपल्यात आणि त्यांच्यात भिंत कशाची? याच आपल्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की नाही यासारख्या प्रश्नावरही त्यांची मते जुळत नव्हती, तरी दोन्ही प्रथांना जागा ठेवून ऐक्य साधता आले, कारण प्राचीन विश्वासांगीकार सर्वांना मान्य होते. मॉर्मन मंडळी नेमका तोच पाया नाकारते. प्रेषितांनंतर मंडळीत धर्मत्याग झाला, खरा अधिकार पृथ्वीवरून गेला आणि तो स्मिथच्या द्वारे परत मिळाला, असे तिचे म्हणणे आहे. म्हणूनच २००१ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने त्यांचा बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, आणि तेही आपल्यातून कोणी त्यांच्याकडे गेल्यास त्याला पुन्हा बाप्तिस्मा देतात. भाच्याला मी सांगितले की ते ख्रिस्तावर मनापासून विश्वास ठेवतात, पण आपण ज्या त्रैक्याची, म्हणजे तिघांत एकच असलेल्या देवाची, उपासना करतो ते त्यांना मान्य नाही. त्यांच्या सभेला जरूर जा, आणि आपला विश्वासांगीकार त्याआधी एकदा नीट वाचून जा.