गाडीची चौकट उभी राहिली

रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात घासलेला पाइप एका रात्रीत तांबूस पडतो. म्हणून वेल्डिंग झालं की लगेच प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, मग रात्रीचे बारा वाजोत. काल शेवटचा सांधा मारला. बाबांनी आणि मी, दोघांनीच चौकट उचलून अंगणात आणली!

१९५७ च्या लोटस सेव्हन या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखीच हलकी दोन सीटची गाडी करायची आहे, इंजिन सुझुकीच्या हायाबुसा बाइकचं, १३४० सीसी. खरी काळजी तेलाची. बाइक वळणावर कलते, तेल तळाशीच राहतं. गाडी तशी कलत नाही. ट्रॅकवरच्या लांब वळणात तेल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळतात. म्हणून ऑइल पॅनमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पत्र्याचे आडपडदे बसवतोय. पहिला आज सकाळीच कापला, कडा अजून हाताला लागतायत.