नमुना कोठून आणला?

माझं एमएस्सीचं प्रोजेक्ट दोन महिन्यांत झालं. त्याच्या मंजुरीला 23 दिवस लागले, आणि तो राग अजून गेलेला नाही.

विषय होता बीटा पिक्टोरिस ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीतल्या वायूची रासायनिक घडण. 'रासायनिक' शब्द पाहून कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी प्रयोगशाळेचा फॉर्म हातात दिला. रकाना 7: नमुना कोठून आणला. रकाना 8: रसायने किती ग्रॅम. रकाना 9: विल्हेवाट. सातव्यात मी खरं तेच लिहिलं, 63 प्रकाशवर्षांवरून. फॉर्म परत. 'लागू नाही' लिहिलं, तरी परत. मग रसायनशास्त्र विभागाची सही आणा म्हणाले. सही करणारे सर परीक्षेच्या ड्युटीवर! परभणी-नांदेड, नांदेड-परभणी, रोज पॅसेंजरने. जानेवारी होता. रात्री घरी आलो की माळवदावर चढायचो. दक्षिणेला अगस्ती, त्याच्या उजवीकडे थोडा वर तो फिकट तारा. आमच्याकडून तो क्षितिजापासून जेमतेम वीस अंशच वर येतो.

मित्र म्हणाले, शीर्षकातून तो शब्दच काढून टाक. नाही काढला. सगळा प्रश्न त्या शब्दातच आहे. ताऱ्याचं वय साधारण 2 कोटी वर्षं. आडोसा नसेल तर तिथला कार्बन मोनॉक्साइड अतिनील किरणांनी शे-सव्वाशे वर्षांत फुटतो. तरी तो दिसतो, आणि तबकडीच्या एका बाजूला जास्त दिसतो. म्हणजे बर्फाळ धूमकेतूंसारखे गोळे आदळून तो आजही सुटतोय. जन्माच्या वेळचा वायू उरला असता तर त्यात हायड्रोजनच भरमसाट असता. हा कार्बन-ऑक्सिजनचा आहे. त्यावरून त्या परक्या बर्फात काय काय आहे ते कळतं. एवढं सगळं सांगणारा शब्द एका रकान्यासाठी सोडायचा?

शेवटी गाइड मॅडमनी दोन ओळींचं पत्र दिलं: 'निरीक्षणे चिलीतील अल्मा दुर्बिणीच्या सार्वजनिक संग्रहातून. कोणताही पदार्थ हाताळला जाणार नाही.' दहा मिनिटांत सही! असं प्रोजेक्ट करणार असाल तर असं पत्र पहिल्याच दिवशी जोडा.

संग्रहातून कच्ची निरीक्षणं उतरवू नका, आमच्याकडच्या नेटवर रात्र जाते. तयार फिट्स फाइल (खगोलशास्त्रात निरीक्षणं साठवायचा नेहमीचा प्रकार) घ्या आणि 230.538 गिगाहर्ट्झच्या आसपास कार्बन मोनॉक्साइडची वर्णपटातली रेषा शोधा. सुट्या कार्बनची 492 च्या जवळ आहे, तीही बघा.

आणि हो, फॉर्म देताना झेरॉक्सवर आवक शिक्का मारून घ्या. माझा दुसरा फॉर्म 'आलाच नाही' म्हणाले होते.